हमाली

जानेवारीत नागपूरला थंडी पडते
हे पुण्याच्या पाहुण्यांना पटत नाही.
त्यांना आमचा फक्त मे महिना ठाऊक.
पण परवा पहाटे सात अंश होते,
नळाचं पाणी बोटांना चावत होतं,
आणि शकूच्या हाताच्या गाठी
पुन्हा सुपारीएवढ्या झाल्या होत्या.

तेव्हा चिंतामण नंदनवार आला,
उन्हाळ्यात कूलरला खस भरणारा,
दिवाळीनंतर हात रिकामे असणारा,
पोरीनं हप्त्यांवर घेतलेलं यंत्र घेऊन.
मोठा पंखा बाहेर, जांबाच्या झाडाकडे तोंड करून.
आत भिंतीवर एक लांबट पेटी.
दोघांमध्ये तांब्याच्या नळ्या,
एक जाड, एक बारीक.

"काकाजी, हे काही गरम करत नाही.
हे गरमी आणते."
"कुठून?"
"बाहेरून."
शकू हसली.
"बाहेर असती तर मी शाल घेऊन
तिथंच बसली असती न, बाप्पा."

मी तीस वर्षं कोराडीला, बॉयलरवर.
माझ्या लेखी उष्णता म्हणजे कोळसा,
वाघिणीमागून वाघीण,
आणि शेवटी राख,
जी डब्यातल्या वांग्याच्या भाजीवरही बसायची.
ऊब कशी मिळते हे मला
कूलरवाल्यानं सांगावं?

त्यानं शकूला फ्रिजकडे नेलं.
"मागं हात लावा."
तिथं आमची मांजर हिवाळाभर झोपते,
तिथंच शकू माझे मोजे वाळवते.
"दूध थंड झालं, तर त्यातली गरमी गेली कुठं?
ही इथं.
आता समजा, फ्रिजचं दार अंगणात उघडं
अन् पाठ तुमच्या खोलीत."

ती गप्प झाली. खरं तर मीही.

"माझा बाप इतवारीत हमाल होता," तो पान्यानं नट आवळत म्हणाला.
"तांदूळ त्यानं कधी पिकवला नाही.
एक भाकर खायचा
अन् तीन पोती माडीवर चढवायचा.
वीज म्हणजे ती भाकर, काकाजी."

रात्री मी नळीला हात लावून बसलो.
आत एक द्रव फिरतो,
इतका हळवा की सात अंशांच्या हवेतही उकळतो.
आपल्याला जी हवा बोचते
ती त्याला चूल.
वाफ होऊन तो आत येतो,
यंत्र त्याला दाबतं, पिळतं,
सायकलच्या पंपाचं टोक तापतं तसा तो तापतो,
सगळं ओझं खोलीत उतरवतो,
पुन्हा पाणीदार होतो,
आणि एका बारीक छिद्रातून निसटून, गार पडून,
रिकाम्या हातांनी बाहेर जातो.
पुन्हा येण्यासाठी.

पलंगाखालची जुनी कॉइलची शेगडी
एक युनिट खायची, एकच द्यायची.
तिला मी लबाड म्हणणार नाही.
पण त्या एका युनिटासाठी
आम्ही तिकडे तीन भागांचा जाळ करत होतो,
त्यातले दोन भाग धुराड्यातून, पाण्याच्या वाफेतून
आभाळात सोडून देत होतो.
तीस वर्षं.
तेच दोन भाग
हा पंखा जांबाच्या झाडाखालून
वेचून परत आणतोय की काय,
असं मला पहाटेपर्यंत वाटत राहिलं.
इंजिनिअर असतो तर हसलो असतो.

सकाळी चिंतामण बिल द्यायला आला.
म्हणाला, मे महिन्यात एक बटन दाबा,
हाच हमाल उलटा चालते,
घरातली गरमी उचलून अंगणात फेकते.
"मग तुझ्या खशीचं काय रे?" शकूनं विचारलं.
तो चहात पाव बुडवत राहिला.
पाव तुटून कपात पडला.

तो गेल्यावर तिनं मूठ मिटली.
उघडली. पुन्हा मिटली.
मला काही बोलली नाही.

बाहेर पंख्यातून निघणारी हवा
बाहेरच्या हवेहूनही गार होती.
कढीपत्त्याची कुंडी तिच्या झोतातच होती.
मी ती उचलून
उन्हाकडे सरकवली.